अफगाण चर्चच्या दारातून निघालेली बस

मुंबईच्या दक्षिण टोकाला, कुलाब्याच्या लष्करी वसाहतीत, उंच मनोऱ्याचे एक जुने चर्च उभे आहे. पहिल्या अफगाण युद्धात (१८३८-४२) कामी आलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ ते बांधले गेले व १८५८ साली त्याचा अभिषेक झाला. संत योहानाच्या नावाने अर्पण केलेल्या या चर्चला मुंबईकर मात्र अफगाण चर्च म्हणूनच ओळखतात. ते आपल्या कॅथोलिक परंपरेतील नव्हे, अँग्लिकन परंपरेतील आहे. तथापि मुंबईच्या कष्टकरी माणसाच्या इतिहासात त्याला एका निराळ्याच कारणाने स्थान मिळाले आहे. १५ जुलै १९२६ रोजी मुंबईची पहिली सार्वजनिक मोटारबस धावली, ती अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट या मार्गावर. २०२६ हे त्या बससेवेचे शताब्दी वर्ष होय.

धर्मगुरूने बसगाड्यांचा इतिहास लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु ज्या धर्मग्रामांत आम्ही आजवर सेवा केली, तेथील कितीतरी कुटुंबांची चूल या बसच्या पगारावर पेटली. कुणी चालक, कुणी वाहक, कुणी आगारातील कारागीर. आणि ज्यांच्या घरी या नोकऱ्या नव्हत्या, त्यांची मुले तिच बसने शाळेत गेली, त्यांच्या बायाबापड्या टोपल्या घेऊन तिच बसने बाजारात गेल्या. ज्याच्यापाशी स्वतःचे वाहन नाही, त्याला कोणी न्यायचे? या प्रश्नाला मुंबई शहराने गेल्या दीडशे वर्षांत दिलेले उत्तर म्हणजे 'बेस्ट'चा इतिहास होय.

घोड्यांची ट्राम

मुंबईत सार्वजनिक वाहतुकीचा आरंभ बसने नव्हे, ट्रामने झाला. १८७३ साली बॉम्बे ट्रामवे कंपनी स्थापन झाली आणि ९ मे १८७४ रोजी घोड्यांनी ओढलेली पहिली ट्राम कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटमार्गे पायधुणीपर्यंत गेली. दुसरा मार्ग बोरीबंदरहून काळबादेवीमार्गे पायधुणीला जाई. प्रारंभी भाडे तीन आणे होते. तिकीट असे काही दिले जात नसे. लवकरच भाडे दोन आण्यांवर आले. तरी त्या काळच्या हमालाला वा गिरणी कामगाराला दोन आणेही जडच होते. तो पायीच चाले.

पुढे विजेचे युग आले. १९०५ साली बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी स्थापन झाली. एकाच कंपनीने शहराला वीजही पुरवायची आणि त्याच विजेवर ट्रामही चालवायची, अशी ही योजना होती. ७ मे १९०७ रोजी सायंकाळी विजेची पहिली ट्राम धावली आणि घोड्यांना विश्रांती मिळाली. वीज आणि वाहतूक यांचे हे लग्न वाचकांनी ध्यानात ठेवावे, कारण या कथेतील सुखाचे आणि दुःखाचे मूळ तेथेच आहे. १९२० साली दुमजली ट्राम आली. ३१ मार्च १९६४ रोजी रात्री बोरीबंदरहून दादरकडे शेवटची ट्राम निघाली, तेव्हा तिला निरोप देण्यासाठी रस्त्याच्या दुतर्फा माणसे उभी होती, हे त्या पिढीतील वडीलधाऱ्यांनी आम्हांला सांगितले आहे.

श्रीमंतांची बस, गरिबांची बस

१९२६ च्या फेब्रुवारीत प्रयोग म्हणून तीन मार्गांवर बस सुरू करण्याचे ठरले : अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट, दादर ट्राम टर्मिनस ते किंग्ज सर्कल आणि ऑपेरा हाउस ते लालबाग. ताफा होता अवघ्या २४ गाड्यांचा. त्या वर्षअखेरपर्यंतच्या साडेपाच महिन्यांत सुमारे ६ लाख प्रवाशांनी बसने प्रवास केला. पुढच्या वर्षी ही संख्या ३८ लाखांच्या घरात गेली.

एवढे असूनही प्रारंभी बस हे वरच्या मध्यमवर्गाचे वाहन समजले जाई. गरिबाची ट्राम आणि साहेबाची बस, अशी विभागणी होती. १९३४ साली शहराच्या उत्तर भागात बससेवा वाढवण्यात आली, १९३७ साली दुमजली बस आली आणि हळूहळू ही भिंत ढासळली. १९४० साली 'लिमिटेड' बस सुरू झाली. मोजक्याच थांब्यांवर थांबणारी ही गाडी लांबच्या नोकरदारासाठी होती. साहेबाची बस कामगाराची झाली, ती एखाद्या ठरावाने झाली नाही. अधिक माणसे, अधिक मार्ग आणि परवडणारे भाडे, यांनी ते घडवून आणले.

शहराने विकत घेतलेली कंपनी

स्वातंत्र्याला आठ दिवस उरले असताना, ७ ऑगस्ट १९४७ रोजी, मुंबई महानगरपालिकेने ही कंपनी ताब्यात घेतली. मुदत संपताच कंपनी विकत घेण्याचा हक्क मूळ करारानेच पालिकेला दिला होता. नावातील 'ट्रामवेज' हा शब्द जाऊन 'ट्रान्सपोर्ट' आला, आद्याक्षरे मात्र तीच राहिली आणि 'बेस्ट' हे नाव कायम झाले. त्या दिवशी २३ मार्गांवर २४२ बसगाड्या होत्या व रोज सुमारे २ लाख ३८ हजार प्रवासी त्यांतून जात. आजही ७ ऑगस्ट हा 'बेस्ट दिन' म्हणून पाळला जातो.

खासगी कंपनी ज्या मार्गावर नफा आहे तेथे गाडी धाडते, आणि त्यात तिचा दोष नाही. परंतु शहराने कंपनी विकत घेतली, तेव्हा जेथे नफा नाही तेथेही गाडी धाडण्याचे कर्तव्य शहराने अंगावर घेतले. १८९१ साली पोप लिओ तेरावे यांनी 'रेरुम नोवारुम' या विश्वपत्रात कामगारांच्या हक्कांचा आणि त्यांच्याविषयीच्या राज्यसंस्थेच्या कर्तव्याचा विचार मांडला. त्यानंतरच्या शिकवणुकीत 'सर्वांचे हित' हा शब्द आपण वारंवार वाचतो. पहाटे चारला आगारातून निघून रिकाम्या रस्त्याने शेवटच्या थांब्यावर उभी राहणारी बस, हे त्या शब्दाचे अगदी साधे, लोखंडी उदाहरण आहे.

बस साष्टीत येते

माहीमची खाडी एकेकाळी बोटीने ओलांडावी लागे. १८४५ साली लेडी जमशेटजी यांच्या दानशूरपणातून माहीमचा रस्ता पुरा झाला आणि वांद्रे मुंबईला जोडले गेले. मोतमाऊलीच्या यात्रेकरूंचा मार्ग त्याने सुकर झाला. मात्र साष्टी बेटावरील गावे पुढेही शंभर वर्षे गावेच राहिली. वांद्रे, कालिना, कुर्ला, सहार, मरोळ, ओर्लेम, कुळवेम, गोराई, एरंगळ या गावठाणांत आपले ईस्ट इंडियन बांधव भातशेती करीत, मासे मारीत, ताडाची झाडे राखीत. आगगाडीचे स्थानक मैलभर दूर असले, तर बैलगाडी वा पाय.

१९५० साली बृहन्मुंबईची हद्द जोगेश्वरी व भांडुपपर्यंत गेली, १९५७ साली ती दहिसर व मुलुंडपर्यंत पोहोचली, आणि शहराच्या हद्दीबरोबर शहराची बसही साष्टीत आली. सांताक्रूझ, मरोळ, मालवणी, पोयसर, मागाठाणे, गोराई, देवनार, विक्रोळी, मुलुंड ही बसआगारांची नावे वाचली, की जुन्या धर्मग्रामांची यादी वाचतो आहोत असे वाटते. बसमार्गांच्या क्रमांकांतही हा भूगोल दडलेला आहे. ढोबळमानाने पाहता शंभरपेक्षा कमी व शंभराच्या पुढील क्रमांक शहराचे, दोनशेचे पश्चिम उपनगरांचे, तीनशेचे पूर्वेकडील उपनगरांचे, चारशेचे पूर्व-पश्चिम जोडणारे आणि पाचशेचे ठाणे-नवी मुंबईकडे जाणारे.

या आगमनाचे दुसरे अंगही नोंदवले पाहिजे. बस आली त्याच रस्त्याने इमारती आल्या, शेते गेली, विहिरी बुजल्या. गावठाणातील घर तेथेच राहिले, गाव मात्र त्याच्याभोवतीचा निघून गेला. बसला याचा दोष देणे अन्यायाचे ठरेल. ज्यांची शेते गेली, त्यांच्याच मुलांना नोकरीच्या गावी नेणारीही तीच होती.

आणि सणांना तिने कधी पाठ दाखवली नाही. दर सप्टेंबरात मोतमाऊलीच्या यात्रेच्या आठवड्यात वांद्रे स्थानकाहून हिल रोडकडे जादा बसगाड्या सोडल्या जातात. वसई, ठाणे, रायगडहून आलेली, हाती मेणबत्त्या व फुले घेतलेली माणसे त्यांत चढतात. त्यांत ख्रिस्ती किती आणि हिंदू किती, हे वाहक कधी विचारीत नाही. मढ-एरंगळकडचे भाविकही जानेवारीतील सणाला मालाड स्थानकाहून बसनेच जात आले आहेत.

ताफ्याची गोष्ट

लहानपणी आम्हांला चर्चमधील मानाच्या बाकापेक्षा दुमजली बसच्या वरच्या मजल्यावरील अगदी पुढचे आसन अधिक प्रिय होते, हे येथे कबूल केलेले बरे. तेथून झाडांच्या फांद्या काचेवर आपटत, आणि खाली शहर सरकत जाई. खालून वाहकाने दोरी ओढली, की टणटण अशी दुहेरी घंटा वाजे आणि गाडी हले. एकदाच वाजली, तर थांबे. वाहकाच्या हातातील चिमटा टिकटिक करीत राही आणि पत्र्याच्या पेटीतून रंगीत तिकिटे निघत. कपाळावर मराठी आकड्यांत क्रमांक लिहिलेली ती तांबडी गाडी दुरून ओळखू येई. परप्रांतातून आलेल्या कितीतरी माणसांनी मराठी आकडे शाळेत नव्हे, बसथांब्यावर शिकून घेतले.

ताफ्याचा इतिहास म्हणजे एका परीने आपल्या उद्योगांचाच इतिहास आहे. आरंभी गाड्यांचे सांगाडे विलायतेहून येत. पुढे अशोक लेलँड व टाटा यांचे कारखाने उभे राहिले आणि मुंबईच्या रस्त्यावर देशी बनावटीच्या गाड्या धावू लागल्या. प्रयोगही पुष्कळ झाले. १९६२ साली वरच्या तारांतून वीज घेणारी ट्रॉलीबस गोवालिया टँक ते माझगाव या मार्गावर आली आणि १९७१ साली बंद पडली. १९६७ साली जोडबस आली. पुढे ट्रॅक्टरसारखे इंजिन आणि मागे लांबलचक डबा, असे तिचे रूप होते. नैसर्गिक वायूवरील गाड्यांनी धूर कमी केला. २००८ च्या सुमारास चिनी बनावटीच्या वातानुकूलित गाड्या आल्या. परंतु खर्च व बिघाड यांपुढे त्या टिकल्या नाहीत आणि २०१७ साली ती सेवा बंद करावी लागली. नवे ते सर्व चांगलेच असते असे नाही, हा धडा त्यातून मिळाला.

दुमजली बस हे मुंबईचे भूषण होते. नव्वदच्या दशकाच्या आरंभी अशा सुमारे ९०० गाड्या होत्या. एका गाडीत दोन वाहक लागत, खर्च वाढे. २००८ नंतर नव्या दुमजली गाड्या घेणे थांबले. १५ सप्टेंबर २०२३ रोजी जुन्या धर्तीच्या शेवटच्या दुमजली बसने निरोप घेतला, तेव्हा लोकांनी तिला हार घातले. त्याच वर्षी विजेवर चालणारी, वातानुकूलित दुमजली बस रस्त्यावर आली होती. अणिक आगारातील संग्रहालयात या साऱ्या वंशावळीच्या प्रतिकृती पाहावयास मिळतात. पालकांनी सुटीत मुलांना तेथे अवश्य न्यावे.

चाक फिरवणारे हात

गाड्यांचा इतिहास लिहिताना माणसे विसरली जातात. १९४९ साली मंगळूरकडचा एक तरुण सेमिनरी सोडून नोकरीच्या शोधात मुंबईस आला आणि चौपाटीच्या बाकांवर झोपला. जॉर्ज फर्नांडिस हे त्याचे नाव. धर्मगुरू होण्याचा मार्ग त्याने सोडला, परंतु टॅक्सीचालक, पालिका कामगार व वाहतूक कामगार यांना संघटित करून त्याने या शहराला हलवून सोडले आणि १९६७ साली दक्षिण मुंबईतून स. का. पाटील यांचा पराभव केला. त्यांच्या सर्वच मार्गांशी आम्ही सहमत आहोत असे नव्हे. शहर बंद पाडणारा संप प्रथम गरिबालाच पायी चालावयास लावतो, हेही खरे आहे. तथापि सेमिनरीत शिकलेल्या न्यायाच्या पाठाला त्यांनी रस्त्यावर आणले, हे नाकारता येणार नाही.

या हातांनी शहराला संकटात वाहून नेले आहे. २००२ व २००३ साली घाटकोपरला बसमध्ये बॉम्बस्फोट झाले, तरी दुसऱ्या दिवशी बस निघालीच. २६ जुलै २००५ च्या महापुरात पाण्यात अडकलेल्या दुमजली गाड्यांच्या वरच्या मजल्यावर अनोळखी माणसांनी रात्र काढली. २०२० च्या मार्चमध्ये करोनामुळे लोकल गाड्या बंद झाल्या, तेव्हा परिचारिका, सफाई कामगार व पोलीस यांना कामावर नेण्याचा भार बसवरच आला. हा भार वाहताना अनेक कर्मचारी मृत्युमुखी पडले. त्या दिवसांत आमची चर्च बंद होती आणि त्यांची आगारे उघडी होती, हे आम्ही विसरलेलो नाही.

दिव्याने ओढलेली गाडी

आता मघाच्या लग्नाकडे वळू. बसचे भाडे कधीच पुरे पडत नसे. तूट भरून निघे ती वीज विभागातून. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या घरांत आणि दुकानांत जळणाऱ्या दिव्यांचे जे पैसे येत, त्यांतील शिल्लक उपनगरातील रिकाम्या बसला ओढत असे. मलबार हिलवरील दिवा मालवणीच्या मजुराला घरी नेत असे. ज्यांच्यापाशी अधिक आहे त्यांनी ज्यांच्यापाशी उणे आहे त्यांचा भार उचलावा, ही प्रेषितांच्या काळातील पहिल्या ख्रिस्ती मंडळीची रीत आपण वाचतो. येथे ती कोणी न बोलता, विजेच्या बिलातून, चालू होती.

२००३ च्या वीज कायद्यानंतर ही सोय टिकणे कठीण झाले. विजेच्या ग्राहकाने बसची तूट का भरावी, असा प्रश्न उभा राहिला. कायद्याच्या दृष्टीने तो प्रश्न रास्त होता. परंतु तो सोडवताना तुटीचे दुसरे घर कोणी नेमून दिले नाही. कर्ज वाढले. २०१० च्या सुमारास ४ हजारांहून अधिक बसगाड्या होत्या व रोज ४० लाखांहून अधिक प्रवासी. पुढे गाड्या जुन्या होऊन भंगारात जात राहिल्या, नव्या त्या प्रमाणात आल्या नाहीत. २०१९ च्या जानेवारीत कामगारांनी नऊ दिवसांचा संप केला. 'बेस्ट'च्या इतिहासातील तो सर्वांत दीर्घ संप होता. त्याच वर्षी कंत्राटदाराच्या गाड्या व कंत्राटदाराचेच चालक घेण्याची पद्धत स्वीकारली गेली. स्वतःच्या ३,३३७ गाड्या राखण्याचे वचन तेव्हा कामगार संघटनेला देण्यात आले होते. काही वर्षांतच स्वमालकीच्या गाड्या एक हजाराच्याही खाली आल्या.

जुलै २०१९ मध्ये किमान भाडे ५ रुपये करण्यात आले, तेव्हा गरिबाने सुटकेचा निःश्वास टाकला. मे २०२५ मध्ये ते १० रुपये झाले, वातानुकूलित गाडीचे १२ रुपये. ९ डिसेंबर २०२४ रोजी कुर्ल्यात कंत्राटी पद्धतीवरील एका विद्युत बसने गर्दीत शिरून अनेकांचे प्राण घेतले. अपुऱ्या प्रशिक्षणाची चर्चा तेव्हा पुष्कळ झाली. कंत्राटी चालकही कुणाचा तरी मुलगा, कुणाचा तरी बाप आहे. त्याला पुरेसे शिक्षण, पुरेसा पगार आणि पुरेशी झोप न देता चाक हाती दिले, तर पाप केवळ त्याचे नव्हे.

आपले काय?

येथवर दोष इतरांचे सांगितले. आता आपल्या अंगणात यावे. रविवारच्या मिस्सानंतर आमच्या आवारात पाय ठेवावयास जागा नसते, इतकी वाहने असतात. वाहने नीट लावा, दारात उभी करू नका, अशी सूचना आम्ही गेल्या कित्येक रविवारी वेदीवरून दिली आहे. परंतु पहिल्या मिस्साची वेळ सकाळच्या पहिल्या बसशी जुळते का, हे आम्ही एकदाही कोणाला विचारले नव्हते. एका वृद्ध भगिनीने ते आमच्या ध्यानात आणून दिले. ती थांब्यावर पाऊण तास उभी राहून येई आणि तरीही पहिले वाचन तिला चुके. आम्ही मात्र ती उशिरा येते म्हणून मनात नाराज होतो. मिस्साची वेळ आता वीस मिनिटे पुढे नेली आहे. वीस मिनिटांची ही गोष्ट आम्हांला सेमिनरीच्या कोणत्याही पुस्तकाने शिकवली नव्हती.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या विश्वपत्रात शहरांतील वाहतुकीचा विषय मुद्दाम घेतला. खासगी मोटारींनी शहरे कोंडतात व हवा बिघडते, म्हणून सार्वजनिक वाहतुकीला अग्रक्रम द्यावा, परंतु गर्दी, गैरसोय व तुटपुंजी सेवा यांमुळे माणसाची जी अप्रतिष्ठा होते ती प्रथम दूर करावी, असा त्यांचा आशय आहे. यावर आपल्या धर्मग्रामांत किती चर्चा झाली? बसमार्ग बंद होतो, तेव्हा तक्रार करण्यास कोणी जात नाही, कारण ज्यांना लिहिता-बोलता येते ते केव्हाच रिक्षाने वा स्वतःच्या गाडीने जाऊ लागलेले असतात. थांब्यावर उरतात त्या घरकामाला जाणाऱ्या बाया, म्हातारी माणसे आणि शाळकरी मुले. त्यांच्या वतीने एक अर्ज लिहिणे, वॉर्डाच्या कार्यालयात चार माणसांनी मिळून जाणे, एवढे तर कोणत्याही धर्मग्रामाला करता येण्यासारखे आहे.

कफर्णहुमात पक्षाघाती माणसाला चौघांनी उचलून आणले, छप्पर उघडले आणि खाट प्रभूच्या पुढ्यात सोडली. त्या चौघांची नावे शुभवर्तमानात नाहीत. आपल्या धर्मग्रामांतही असे काही चालक-वाहक निवृत्त होऊन बसले आहेत. येत्या ७ ऑगस्टला त्यांना मिस्सात पुढे बोलवावे, त्यांच्यासाठी व हयात नसलेल्या त्यांच्या सोबत्यांसाठी प्रार्थना करावी, असे आम्ही ठरवले आहे. इतर धर्मग्रामांनीही त्याचा विचार करावा, ही विनंती.